मीठ धुऊन गेलेली माती

माती जितकी चिकट तितकी भक्कम, हा समज बांधकामाशी रोज संबंध येणाऱ्यांच्याही बोलण्यात आढळतो; पण तो फसवा आहे. ओल्या मातीची वडी तळहातावर घेऊन हात हलवला असता ती पाण्याने चकाकली आणि दाबताच कोरडी दिसू लागली, तर ती गाळवट माती होय. तिचे कण म्हणजे बहुधा दगडाचाच चुरा असल्याने तिची ताकद घर्षणावर चालते. चिकणमातीच्या वडीवर अशी चकाकी येत नाही. तिचे ०.००२ मिलिमीटरहून लहान कण चपटे व ऋणभारित असतात, आणि ते कोणत्या खनिजाचे आहेत यावर पुढचे सारे ठरते. केओलिनाइट आणि माँटमोरिलोनाइट ही अशी दोन खनिजे. एक ग्रॅम केओलिनाइटचे पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटर भरते. माँटमोरिलोनाइटचे, थरांमधील पृष्ठे धरल्यास, ८०० चौरस मीटरपर्यंत जाते. म्हणूनच ते पाणी पिऊन फुगते, आणि एकदा घसरून त्याचे कण एका दिशेला लागले की त्याचा घर्षणकोन (कणांमधील घर्षण किती, ते सांगणारा कोन; तो जितका लहान तितकी माती सहज घसरते) १० अंशांच्याही खाली येतो.

मला स्वतःला याहून विलक्षण वाटते ती मिठाची करामत. ऋणभारित कणाभोवती पाण्यातील धन आयनांचे वेष्टण जमते. पाणी खारे असेल तर हे वेष्टण आकसते, कण एकमेकांजवळ येतात आणि कडेला पृष्ठ चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ, पाण्याने भरलेली रचना तयार होते. नॉर्वेतील चिकणमाती हिमयुगाच्या अखेरीस अशीच समुद्रात साचली; बर्फाचा भार उतरल्यावर जमीन वर आली आणि गोड्या पाण्याने हजारो वर्षांत तिच्यातील मीठ धुऊन नेले. बंगला उभाच राहिला. पण मीठ गेल्याने वेष्टणे पुन्हा पसरलेली असल्यामुळे, तो एकदा मोडला की कण एकमेकांना दूर लोटतात, पुन्हा जुळत नाहीत, आणि आत आधीच असलेल्या पाण्यात माती पातळ होऊन वाहते. २९ एप्रिल १९७८ रोजी नॉर्वेतील रिसा येथे, शेतावरील खोदकामाची माती तळ्याकाठी टाकल्याचे निमित्त झाले आणि सुमारे ३३ हेक्टर जमीन वाहून गेली. त्यात भूमीचा कोप शोधण्याचे कारण नाही: प्रयोगशाळेत अशा पातळ झालेल्या मातीत चिमूटभर मीठ ढवळले की ती पुन्हा घट्ट होते.

‘कोणतीही माती दगडासारखी करणाऱ्या’ द्रावणांच्या जाहिराती वाचताना म्हणूनच आधी विचारावे, की कोणते खनिज आणि कोणते आयन? नॉर्वेत अशा जमिनीत विहिरी घेऊन पोटॅशियम क्लोराइड मुरवण्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र हा क्षार चिकणमातीत केवळ विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, सरकत असल्यामुळे भोवतालची थोडीशी माती सुधारायलाही वर्षे लागतात.