खर्डेकरांचे भाषण संगणकाला कसे सापडते?

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘कोल्हापूर-सातारा’ या मतदारसंघातून बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्या ग्रंथालयात अभ्यासाला बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या भागाचे हे पहिले खासदार सभागृहात नेमके काय बोलले हे वाचावेसे वाटले, तर पूर्वी तिला दिल्ली गाठावी लागली असती, किंवा वादवृत्तांताचे छापील खंड जिथे जपले आहेत अशा मोजक्या ग्रंथालयांपैकी एखाद्यात बसून पाने चाळावी लागली असती. आता संसदेचे डिजिटल ग्रंथालय इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले आहे. मात्र शोधचौकटीत नाव टाकल्यावर हवे ते भाषण समोर येईलच याची खात्री संगणकाचा वेग देत नाही. ते ग्रंथालयातल्या नोंदी किती काळजीपूर्वक केल्या आहेत यावर ठरते. संसदेच्या ग्रंथालयाचे संगणकीकरण म्हणजे मुख्यतः या नोंदींचे काम आहे, आणि यंत्राच्या कौतुकात नेमके तेच झाकले जाते असे मला वाटते.

संसदेचे ग्रंथालय 1921 सालापासून, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या केंद्रीय विधिमंडळापासून चालत आले आहे. इतर ग्रंथालयांहून त्याचे काम वेगळे आहे. सर्वसाधारण वाचक पुस्तक मागतो, तर खासदार बहुधा उत्तर मागतो. अमुक विधेयकावर गेल्या लोकसभेत कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या, अमुक प्रश्नाला मंत्र्यांनी यापूर्वी काय उत्तर दिले होते, इतर राज्यांत याविषयी कोणता कायदा आहे, असे ते प्रश्न असतात. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न स्वीकारले जातात. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे तिथे थोडी सवड मिळते. पण चर्चा सभागृहात सुरू असताना हवा असलेला संदर्भ काही मिनिटांत मिळाला नाही, तर नंतर त्याचा उपयोग उरत नाही. खासदारांना अशी माहिती पुरवण्यासाठी लोकसभा सचिवालयात ग्रंथालयाबरोबरच संदर्भ, संशोधन, प्रलेखन आणि माहिती अशी एकत्रित सेवा आहे. ‘लार्डिस’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते.

या सेवेत संगणक आला तो 1985 च्या अखेरीस, बलराम जाखड लोकसभेचे अध्यक्ष असताना. ‘पार्लिस’ नावाची माहितीप्रणाली तेव्हा सुरू झाली. त्या काळी साठवणक्षमता इतकी महाग होती की संपूर्ण भाषणे संगणकात ठेवण्याचा विचारही व्यवहार्य नव्हता. म्हणून मजकुराऐवजी मजकुराचा पत्ता साठवणे एवढेच शक्य होते: कोण बोलले, कोणत्या विषयावर बोलले, कोणत्या तारखेला, आणि छापील वृत्तांतात ते कुठे आहे. शोध संगणकावर घ्यायचा आणि वाचायचे मात्र कागदावर, अशी ही व्यवस्था होती. आज ती अपुरी वाटेल, पण तिच्यामुळे प्रत्येक भाषणाला आणि प्रत्येक प्रश्नाला ठरावीक रकान्यांची नोंद करण्याची शिस्त लागली, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला तीच उपयोगी पडली. लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष असताना, 1996 मध्ये, संसदेचे संकेतस्थळ सुरू झाले. राज रेवल यांनी रचलेल्या ग्रंथालयाच्या स्वतंत्र इमारतीचे उद्घाटन मे 2002 मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले.

आता प्रत्यक्ष शोध कसा चालतो ते पाहू. आपण शब्द टाकल्यावर संगणक लाखो पाने पहिल्यापासून वाचत बसत नाही. त्याने हे वाचन आधीच एकदा उरकलेले असते आणि प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या कागदपत्रांत येतो याची यादी तयार करून ठेवलेली असते. माहितीशास्त्रात हिला उलट सूची म्हणता येईल, कारण कागदपत्रात कोणते शब्द आहेत याऐवजी शब्द कोणत्या कागदपत्रांत आहे हे ती सांगते. ‘अलमट्टी’ आणि ‘पूर’ असे दोन शब्द टाकले की संगणक दोन याद्या उचलतो, दोन्हींत समान असलेले क्रमांक वेगळे काढतो आणि आपल्यासमोर ठेवतो. याद्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे हे काम क्षणार्धात होते.

अडचण याद्यांच्या पुढे सुरू होते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कर्नाटकातल्या कृष्णा नदीवरील अलमट्टी धरणाच्या उंचीचा प्रश्न कोल्हापूर-सांगलीत घरोघरी बोलला जातो. कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 च्या निर्णयात या धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास मुभा दिली. या विषयावर संसदेत सुरुवातीपासून काय काय विचारले गेले याचा माग काढायचा आहे असे समजू. मराठीतच हे नाव कुणी ‘अलमट्टी’ लिहितो, कुणी ‘आलमट्टी’. इंग्रजीतही त्याची स्पेलिंगे एकाहून अधिक आहेत. त्याहून मोठा अडथळा असा की सरकारी कागदांत धरणाचे नाव न येता केवळ ‘अप्पर कृष्णा प्रकल्प’ एवढाच उल्लेख असू शकतो. मंत्रालयाच्या नावाने शोधावे तर तेही स्थिर नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत हा विषय पाटबंधारे व वीज मंत्रालयाकडे होता, 1985 मध्ये जलसंपत्ती मंत्रालय आले, 2014 मध्ये त्याच्या नावात नदीविकास आणि गंगा पुनरुज्जीवन यांची भर पडली आणि 2019 पासून ते जलशक्ती मंत्रालय झाले. ‘जलशक्ती’ एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याला 2019 पूर्वी हा प्रश्न जणू उपस्थितच झाला नव्हता असे वाटेल, आणि आपले काही राहून गेले आहे हेही त्याला कळणार नाही.

यावर ग्रंथपालांकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून उपाय आहे. प्रत्येक व्यक्ती, संस्था, स्थळ आणि विषय यांचे एक प्रमाण नाव ठरवायचे, त्याची इतर सर्व रूपे त्या नावाशी जोडून ठेवायची, आणि विषयाविषयांतले नाते नोंदवायचे: व्यापक विषय कोणता, त्याच्या पोटातला कोणता, शेजारचा कोणता. अलमट्टीच्या नोंदीत अप्पर कृष्णा प्रकल्प, कृष्णा खोरे, आंतरराज्य जलविवाद आणि पूरनियंत्रण यांचे धागे असले, तर वाचकाने कोणतेही दार ठोठावले तरी तो त्याच खोलीत पोहोचतो. व्यक्तींच्या बाबतीत हे काम अधिकच नाजूक असते. कोल्हापूरकरांच्या तोंडी असलेले ‘बाळासाहेब’ वृत्तांताच्या पानावर बहुधा आद्याक्षरांपुरते उरते. अनेक वर्षे कोल्हापूरचे खासदार असलेले उदयसिंगराव गायकवाड आणि बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड यांची आडनावे मराठीत सारखी, इंग्रजीत मात्र स्पेलिंग निराळे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सदस्या असतात, तशाच पुढे पदवी लागलेल्याही असतात. म्हणून प्रत्येक सदस्याला एक कायमचा क्रमांक देऊन सगळी रूपे त्याला जोडणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. यंत्राला साम्य ओळखायला शिकवता येते, पण दोन गायकवाड एकच की वेगळे, याचा निवाडा शेवटी जाणत्या माणसाने केलेल्या नोंदीवरच टिकतो.

शोधाची गुणवत्ता मोजण्याच्या दोन कसोट्या आहेत. मिळालेल्यांपैकी उपयोगाचे किती, ही एक. आणि उपयोगाचे जितके होते त्यांपैकी मिळाले किती, ही दुसरी. एक वाढवू गेले की दुसरी सहसा घटते. बाजारातली शोधयंत्रे पहिलीकडे झुकतात, कारण ग्राहकाला पहिल्याच पानावर काहीतरी बरे दिसले की तो समाधानी होतो. विधिमंडळाच्या ग्रंथालयाने मात्र दुसरी कसोटी वर ठेवली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. मंत्र्यांनी दहा वर्षांपूर्वी दिलेले एखादे उत्तर नजरेतून सुटले, तर आजच्या चर्चेची दिशाच चुकू शकते.

जुने खंड संगणकात आणताना आणखी वेगळे प्रश्न येतात. एक ए4 पान दर इंचाला 300 ठिपके या बारकाईने स्कॅन केले की सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत चित्र असेल तर ते न दाबता साठवायला सुमारे 26 मेगाबाइट लागतात. त्याच पानावरचा मजकूर, समजा 3000 देवनागरी अक्षरचिन्हे, युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतपद्धतीच्या रूढ प्रकाराने प्रत्येकी 3 बाइट धरून जेमतेम 9 किलोबाइटमध्ये मावतो. पण चित्रातून मजकूर काढणे सोपे नाही. देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात. त्यामुळे यंत्राला आधी ती रेषा ओळखून अक्षरे सुटी करावी लागतात, मग वरच्या-खालच्या मात्रा जुळवाव्या लागतात. जुन्या, झिजलेल्या छपाईत ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि एखादा रफार पुसट असला की ‘खर्डेकर’ चे ‘खडेकर’ होऊन ते आडनाव शोधातून नाहीसे होते. म्हणून स्कॅन केलेल्या पानाखाली दडलेला मजकूर अचूक आहे असे गृहीत धरून चालत नाही, आणि माणसाने केलेली स्वतंत्र नोंद तिथे पुन्हा उपयोगी पडते.

संगणकावरच टंकलेखन झालेल्या मजकुरातही अशा खोड्या असतात. आपल्याकडचेच ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यात भर म्हणून कुणी ‘कराड’ लिहितो. अशी सर्व रूपे सूचीत घालण्यापूर्वी एका रूपात आणावी लागतात. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी होती. तो मजकूर आधी फॉन्टनिहाय रूपांतरित केल्याशिवाय शोधायोग्य होतच नाही.

संसदेचा वृत्तांत नुसता सलग मजकूर नाही, त्याला स्वतःची रचना आहे. प्रश्न, त्याचे उत्तर, पुरवणी प्रश्न, मध्येच आलेला हरकतीचा मुद्दा, अध्यक्षांचा निर्णय, मतदान, अशा प्रत्येक भागाला वेगळी खूण करून ठेवली, तर ‘खर्डेकर’ हा शब्द जिथे आहे ती सगळी पाने आणि खर्डेकर स्वतः जिथे बोलले ती पाने यांत संगणक फरक करू शकतो. जगभरच्या संसदांनी वापरावी अशी एक खूणपद्धती, अकोमा न्टोसो, 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

अशा खुणांचे खरे मोल मला आश्वासनांच्या बाबतीत दिसते. ‘या बाबीचा विचार केला जाईल’ असे मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन ठरू शकते. ते साधारणतः तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 पासून आहे. प्रश्न, उत्तर, त्यातले आश्वासन आणि नंतर सादर झालेला पूर्तता अहवाल हे चारही दुवे नोंदींनी एकमेकांना जोडले, तर कोल्हापूरच्या एखाद्या रेल्वेमार्गाबद्दल किंवा पूरनियंत्रणाबद्दल दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले हे कोणत्याही नागरिकाला घरबसल्या तपासता येईल. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. एखाद्या कलमामागे विधिमंडळाचा हेतू काय होता हे मांडताना वकिलांना विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन आणि मंत्र्यांचे प्रास्ताविक भाषण पाहावे लागते. त्यांच्यासाठी ही सोय रोजच्या गरजेची आहे.

मात्र अशा वाचकाने कोणती प्रत आपल्यासमोर आहे हे नीट पाहिले पाहिजे. असंसदीय ठरलेले शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे, आणि छापील वृत्तांतात त्या जागी तारकाचिन्हे येतात. त्यामुळे दिवस संपताच उपलब्ध होणारी असंपादित प्रत आणि नंतरची अधिकृत प्रत यांत फरक असू शकतो. प्रतीचा दर्जा नोंदीतच स्पष्ट लिहिलेला असणे म्हणूनच आवश्यक आहे. लोकसभा सचिवालयाने 2025 मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाशी ‘संसद भाषिणी’ या उपक्रमासाठी करार केला असून, संसदेच्या कामकाजाचा यांत्रिक अनुवाद भारतीय भाषांतून मिळावा हा त्याचा एक हेतू आहे. मराठी वाचकाला त्याचा मोठा लाभ होईल, परंतु यंत्राचा अनुवाद ही वाचनाची सोय आहे. न्यायालयात किंवा सभागृहात आधार द्यायचा तो मूळ शब्दांचाच.

एवढे सगळे जमवून ठेवल्यावर ते टिकवायचे कसे, हा प्रश्न उरतो. राज्यघटनेची हस्तलिखित मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयातच आहे. कागदाचा क्षय प्राणवायूमुळे होतो, म्हणून 1994 पासून ती नायट्रोजन भरलेल्या हवाबंद काचपेटीत, आर्द्रता आणि तापमान नियंत्रित करून ठेवली आहे. ती पेटी नीट राहिली तर प्रत न हलवता दीर्घकाळ टिकेल. डिजिटल नोंदीचे उलट असते: ती न हलवता ठेवली तर जाते. चुंबकीय फिती खराब होतात, ती वाचणारी यंत्रे बाजारातून नाहीशी होतात, आणि एखादा बिट, म्हणजे साठवलेला 0 किंवा 1, कधी उलटला हे फाइल उघडेपर्यंत समजत नाही. यासाठी प्रत्येक फाइलपासून गणिती पद्धतीने एक छोटी अंकमुद्रा काढून वेगळी जपतात. मूळ फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी पुन्हा काढलेली मुद्रा पूर्णपणे वेगळी येते. ठरावीक काळाने मुद्रा ताडून पाहणे, बिघडलेल्या प्रतीच्या जागी दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत ठेवणे, आणि काही वर्षांनी सारा संग्रह नव्या माध्यमावर व नव्या स्वरूपात उतरवणे, ही कामे संगणकीकरण ‘पूर्ण’ झाल्याचे जाहीर झाल्यानंतरही चालू राहतात. त्यांच्यासाठी दरवर्षी पैसा आणि प्रशिक्षित माणसे अर्थसंकल्पात धरावी लागतात.