चांगथांग अभयारण्य: परमिट गेलं, कायदा राहिला

ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय प्रवाशांसाठी लडाखमधली इनर लाइन परमिटची, म्हणजे सीमाभागात जाण्याच्या परवान्याची, अट उठली आणि ‘आता चांगथांग (पूर्व लडाखचं उंच पठार) मोकळं झालं’ असा समज पसरला. तिथल्या त्सो मोरिरी तळ्याच्या काठच्या दलदलीत आज गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात, त्यामागे हा समजही आहे.

ते परमिट मुळात वन्यजीवांसाठी नव्हतंच. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांना खुलं झालं, ते मुख्यतः लेह आणि सिंधू खोऱ्यापुरतं. नुब्रा, पँगाँग आणि त्सो मोरिरी हे सीमेलगतचे भाग उघडायला १९९४ उजाडलं. तेव्हापासून चालत आलेला तो कागद सीमासुरक्षेचा. परदेशी प्रवाशांना संरक्षित क्षेत्राचा परवाना (तोही सीमाभागासाठीचाच) आजही लागतो.

अभयारण्य त्याच्या आधीचं, १९८७ चं. ब्रिटिश अंमलात पँगाँगच्या उत्तरेचं चांग चेन्मो खोरं शिकाऱ्यांचं आवडतं होतं. संरक्षणाचा विचार खूप उशिरा आला. तत्कालीन जम्मू-काश्मीर राज्याच्या १९७८ च्या वन्यजीव कायद्याखाली हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये झालं आणि पुढे वाढवत ४,४०० चौ. किमीपर्यंत गेलं. १९८७ मध्ये चांगथांग शीत वाळवंट अभयारण्य (४,००० चौ. किमी) आणि काराकोरम अभयारण्य (५,००० चौ. किमी) यांची भर पडली.

वाद आहे तो चांगथांगच्या सीमेचा. अभयारण्य करताना आधी इरादा जाहीर होतो, मग चराईचे आणि जमिनीचे हक्क तपासून निकाली काढायचे असतात, अंतिम घोषणा त्यानंतर. इथे कागदावर क्षेत्रफळ आलं, पण जमिनीवर रेषा धूसरच राहिली. कोरझोकसारखी गावं, चांगपा पशुपालकांची उन्हाळी आणि हिवाळी कुरणं, लष्कराचे रस्ते, सगळं आत. पश्मिना शेळ्यांवर जगणाऱ्या माणसाला आपलं कुरण नक्की कोणत्या नियमाखाली येतं, हे सांगणारा खांब कुठे नाही. ही दिरंगाई अक्षम्य आहे. तिचा भार कुरणवाल्यांवर पडला आणि फायदा रस्त्याकडेला तंबू ठोकणाऱ्यांनी उचलला.

३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख केंद्रशासित झालं आणि १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा लागू झाला. त्याचं कलम २७ प्रवाशाने नीट वाचावं. अभयारण्यात परवानगीशिवाय फक्त काहींनाच जाता येतं: कामावरचा सरकारी नोकर, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली माणसं आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे, आणि सार्वजनिक महामार्गावरून पार जाणारा. पर्यटन आणि छायाचित्रण यांसाठी परवानगी देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. म्हणजे रस्त्यावरून पुढे निघून जाणारा मोकळा. गाडी डांबर सोडून तळ्याकडे वळली की मुभा संपली. फाटक नाही, चौकी क्वचित, त्यामुळे हा फरक कुणी सांगत नाही.

चाकोरीने नक्की काय बिघडतं? ओलसर काठावरचं गवत म्हणजे मुळांचा घट्ट गालिचा. ४,५०० मीटरवर वाढीचे महिने जेमतेम तीन-चार. चाकाने गालिचा फाटला की पाणी त्या खाचेतून वाहून जातं आणि आजूबाजूची दलदल सुकते. काळ्या मानेचा क्रौंच याच दलदलीत मे-जूनमध्ये साधारण दोन अंडी घालतो. माणूस जवळ गेला की जोडी घरट्यावरून उठते. तेवढ्यात भटक्या कुत्र्याला अंडी सापडतात. छावण्यांच्या उष्ट्याखरकट्यावर ही कुत्री पोसली गेली आहेत.

म्हणून पक्षी रस्त्यावरूनच पाहावेत. २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि जड ट्रायपॉड हवा, कारण वारा हलकी स्टँड थरथरवतो. सकाळी दहाच्या आत पाहणं उरकावं. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा लहरते आणि उत्तम भिंगातूनही चित्र विरघळतं. कियांग (तिबेटी रानगाढवं) गाडीला समांतर धावू लागले तर वेग वाढवू नये, थांबून इंजिन बंद करावं. गाभण माद्यांना ती दौड फार महागात पडते.

लेह ३,५०० मीटरवर, त्सो मोरिरी त्याहून सुमारे हजार मीटर वर. लेहला किमान दोन पूर्ण दिवस न काढता निघालेल्यांना पहिल्याच रात्री डोकेदुखी आणि उलट्या गाठतात. त्रास वाढत गेला तर औषधावर विसंबून न राहता खाली उतरावं.

हेमिसमध्ये गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. हिमबिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो. सूड म्हणून त्यालाही मारलं जाई. २००० नंतर रुंबकसारख्या गावांत गोठ्यांच्या छपरावर तारेची जाळी बसली आणि घरोघरी पाहुणे उतरू लागले. हिवाळ्यात भरल (रानमेंढ्या) खाली येतात, त्यांच्यामागे हिमबिबट्या. म्हणून तिथला हंगाम डिसेंबर ते मार्च.

२००२ मध्ये त्सो मोरिरी आणि २०२० मध्ये त्सो कार ही तळी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, २०२२ मध्ये चांगथांगमधल्या हानले गावाभोवती तारे पाहण्यासाठी गडद आकाशाचं राखीव क्षेत्र झालं. नव्या नावांनी गर्दी वाढली. १९८७ च्या सीमेचे खांब अजून उभे राहायचे आहेत.