सुरेल क्वायर खाली का उतरतो?

मध्यंतरी फोर्टातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये एका क्वायरने (समूहाने गाणाऱ्या मंडळाने) कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन सोळाव्या शतकातलं धार्मिक संगीत सादर केलं. साथीला वाद्य नाही, नुसते गळे. शेवटचं आमेन विरलं आणि पुढच्या गीतासाठी ऑर्गनचा सूर वाजला तेव्हा फरक लपला नाही. मंडळी जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली आली होती. मागच्या बाकावरचे एक काका शेजाऱ्याला म्हणाले, "पोरं घेतली की हे असंच. हल्लीच्या मुलांना कानच नाही हो."

काकांचं निदान अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. दम कमी पडला, उभं राहून पाय दुखले, लक्ष उडालं की सूर उतरतोच. पण या प्रकारच्या संगीतात उतरण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते काकांच्या बोलण्याच्या बरोबर उलट आहे. गाणाऱ्यांचे कान जितके तयार, तितकी ही घसरण पक्की.

हे संगीत म्हणजे काय, ते थोडक्यात. रोममध्ये पॅलेस्ट्रिना (मृत्यू 1594), स्पेनचा व्हिक्टोरिया, ही त्यातली मोठी नावं. म्हणजे आपल्याकडे पैठणात नाथ भारुडं रचत होते तोच काळ. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे वरपासून खालपर्यंत चार आवाज, प्रत्येकाची स्वतंत्र चाल, आणि त्या चाली एकमेकींवर पडून क्षणोक्षणी नवे स्वरमेळ तयार होतात. आपल्या गाण्यात तंबोरा सतत सा धरून असतो. इथे तसा कायम धरलेला सूर कुठेच नाही. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

आधी दोन आवाज जुळतात म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. बासने 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनांचा, सा धरला. गळ्यातून एकटे 240 कधीच निघत नाहीत. त्याबरोबर 480, 720, 960, 1200 असे सहायक नादही निघतात. आता आल्टोने 300 हर्ट्झचा गंधार लावला, तर त्याचे सहायक नाद 600, 900, 1200. दोघांची गाठ 1200 वर पडते. सा आणि ग यांचं प्रमाण तेव्हा बरोबर 4:5 असतं. तंबोरा नीट लागला की तारांमधून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा. हार्मोनियमचा किंवा कीबोर्डचा गंधार मात्र 302.4 च्या आसपास असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. त्याचा तिसरा सहायक नाद 1209.5 वर जातो. 1200 आणि 1209.5 एकत्र वाजले की आवाज सेकंदाला साडेनऊ वेळा कमीजास्त होतो. यालाच बीट्स म्हणतात. कानाला ती एक खरखर वाटते.

एका तालमीत हे फार छान ऐकायला मिळालं. कंडक्टरने मुलांना सा धरून ठेवायला सांगितला आणि मुलींना गंधार लावून अगदी हळूहळू खाली सरकायला लावलं. आधी हवेत भुंगा अडकल्यासारखी गुरगुर. मग ती संथ झाली, एकेक लाट मोजता येईल इतकी. मग थांबलीच, आणि आवाज एकाएकी मोठा वाटायला लागला, खरं तर कुणीच जोर वाढवला नव्हता. ज्याने ही जागा एकदा ऐकली त्याचा गळा पुन्हा आपसूक तिथे जातो. दगडी चर्चमध्ये नाद विरायला वेळ लागतो, त्यामुळे खरखरही जास्त जाणवते आणि तिच्यापासून पळण्याची ओढही वाढते. (एका आवाजात पाचसहा जण असतात, प्रत्येकजण किंचित कणसूर असतो, हे मान्य. पण कान त्या सगळ्यांचा मध्य धरतो.)

आता खरी गंमत. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद नुसता नजरेखालून घालावा, पण मला तो गाळवत नाही.

समजा स्वरमेळांचा आधार सा, ध, रे, प आणि परत सा असा फिरतो. ही अगदी नेहमीची वाट आहे. प्रत्येक वळणावर आधीच्या मेळातला एखादा स्वर पुढच्या मेळातही असतो. तो आवाज आपली जागा सोडत नाही, बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात. सा 240. त्याच्याशी शुद्ध जुळणारा ध 400. ध तसाच धरून त्याच्या खाली षड्ज-पंचम भावाने रे लावला, तर तो 400 च्या दोन तृतीयांश, म्हणजे 266.67. रे धरून त्याच्यावर षड्ज-मध्यम भावाने प लावला, म्हणजे चार तृतीयांश, तर 355.56. आणि प धरून त्याच्या खाली सा लावला तर 237.04. निघालो 240 वरून, पोचलो 237 वर. वाटेत एकही पाऊल चुकलं नाही, प्रत्येक जोडी तंतोतंत जुळलेली. फरक आहे 81:80 एवढा, म्हणजे साधारण 21.5 सेंट. या फरकाला कॉमा म्हणतात. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट, म्हणजे अर्धा स्वर, असतो. अशा पाच फेऱ्या झाल्या की अख्खा अर्धा स्वर गेला.

भिंत रंगवताना प्रत्येक पट्टा जमिनीपासून न मोजता आधीच्या पट्ट्यापासून मोजला की शेवटचा पट्टा कुठे जाईल, तोच हा प्रकार. वाट उलटी केली तर सूर चढतोही.

हा शोध आजचा नाही. इटलीतला गणिती जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती याने त्याच काळातल्या संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला पत्रं लिहून हा हिशेब मांडला होता, आणि ती पत्रं 1585 साली छापली गेली. एक छोटी ओळ पुन्हापुन्हा शुद्ध सुरांत गायली तर सूर दर फेरीला या कॉमाएवढा सरकतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. अलीकडे, 2007 मध्ये, इंग्लंडमधल्या डेव्हिड हॉवर्ड यांनी चौघा गायकांच्या गळ्याला बाहेरून इलेक्ट्रोड लावून प्रत्येकाची कंपनसंख्या स्वतंत्र मोजली. स्वरमेळ शुद्ध ठेवण्याकडे गायकांचा कल होता आणि त्याबरोबर मूळ सूर सरकत होता.

मग आपल्या ख्यालात असं का होत नाही? तंबोऱ्यामुळे. तिथे प्रत्येक स्वर थेट सा पासून मोजला जातो, आधीच्या स्वरापासून नाही. पण हा 81:80 आपल्याला अनोळखी नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने दोन वीणा घेऊन जी प्रमाणश्रुती, म्हणजे मोजमापाची श्रुती, दाखवली, ती आधुनिक अभ्यासक बहुधा एवढीच मानतात. मध्यम ग्रामात (जुन्या स्वरमांडण्यांपैकी एकीत) पंचम एका श्रुतीने उतरवतात, त्याचं प्रमाण या हिशेबाने 40:27 येतं. 240 च्या सा साठी तो होतो 355.56. वरच्या फेरीत आपल्याला मिळाला तोच पंचम!

इथे एक काडी टाकतोच. व्हॉट्सअॅपवर "432 हर्ट्झ हा विश्वाचा मूळ सूर, 440 ने माणसाचं मन बिघडवलं" असे फॉरवर्ड फिरत असतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं एकक. विश्वाला आपल्या घड्याळाशी काय देणंघेणं? सोळाव्या शतकात गावागावांतल्या ऑर्गनचा सूर वेगळा असे, तरी कुणाचं मन बिघडलं नाही. कानाला कळतात ती प्रमाणं. एकटा आकडा त्याला काहीच सांगत नाही.

आता त्या विद्यार्थ्यांकडे येऊ. त्यांतले बरेच कीबोर्डवर किंवा मोबाइलच्या ट्यूनर अॅपवर सूर पक्का केलेले. त्यांच्या मनातला गंधार किंचित चढा, सुमारे 14 सेंटने. ते नुसतं आठवणीतून गातात तेव्हा स्वरमेळ थोडे खरखरतात, पण सूर फारसा हलत नाही. शेजारच्या अनुभवी गायकाचं ऐकून ते जुळवायला शिकले की मेळ झळकतो, आणि घसरण सुरू होते. त्यामुळे काकांना जे ऐकू आलं त्यात मुलांचे कान तयार झाल्याचाही वाटा असू शकतो.

तो कॉमा कुणीतरी गिळावाच लागतो. मुरलेले कंडक्टर वरच्या वाटेतला रे हेरून ठेवतात. ध च्या मेळातून रे च्या मेळात जाताना ध धरलेल्या आवाजाला स्वर चालू असतानाच केसभर वर सरकायला सांगतात, म्हणजे ध 405 वर जातो आणि रे 270 वर बसतो. मग प 360 आणि सा पुन्हा 240. सरकण्याची ती जागा ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून ती शक्यतो इतर आवाजांच्या हालचालीखाली लपवतात. हे काम सहसा जुन्या आल्टो-टेनरवाल्यांकडे देतात. नव्या मुलांना एवढंच सांगतात की शेजाऱ्याचं ऐका आणि बासला सोडू नका.