प्रोपेलर सापडला, पण विमान कोणतं?

एप्रिल १९४२ मध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेशातलं लाशिओ घेतलं, बर्मा रोड तुटला आणि चीनला रसद पोहोचवायला आकाशाशिवाय वाट उरली नाही. आसामातल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी इथल्या धावपट्ट्यांवरून डोंगर ओलांडून चीनमधल्या कुनमिंगकडे जाणाऱ्या या मार्गाला वैमानिक ‘हंप’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत त्यावरून साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला, पण सहाशेच्या घरात विमानंही गमावली. त्यांतल्या अनेकांचे सांगाडे आणि माणसं अजून डोंगरात आहेत. अरुणाचलात अशा एखाद्या अवशेषाची बातमी येते तेव्हा पुष्कळदा फोटोत ठळक दिसतो तो प्रोपेलर. पत्रा फाटतो, जळतो. भरीव ड्युरॅल्युमिनची (ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूची) पाती आणि ती ज्यात बसतात तो मधला पोलादी हब मात्र टिकून राहतात.

तो ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि त्याचं कारण युद्धाच्या आधीच्या दशकात आहे. सुरुवातीचे प्रोपेलर एका ठरावीक कोनात बसवलेले असत. उड्डाणाला एक कोन लागतो, वेगात जाताना दुसरा. पात्यांचा कोन हवेत बदलता येईल अशी रचना हॅमिल्टन स्टँडर्ड या अमेरिकन प्रोपेलर कंपनीच्या फ्रँक कॉल्डवेल यांनी व्यवहारात आणली आणि कंपनीला १९३३ची कॉलियर ट्रॉफी हा विमानक्षेत्रातला अमेरिकन पुरस्कार मिळाला. १९३८ मध्ये तिचा हायड्रोमॅटिक प्रोपेलर आला. त्यात तेलाच्या दाबाने पाती फिरत आणि बंद पडलेल्या इंजिनाची पाती वाऱ्याला धार दाखवून उभी करता येत. या कंपनीची रचना परवान्यावर ब्रिटनमध्ये डी हॅविलंडने बनवली, जपानमध्ये सुमितोमोनेही. म्हणूनच झीरो या जपानी लढाऊ विमानाचा प्रोपेलर अमेरिकन प्रोपेलरचा सख्खा भाऊ दिसतो. युद्धात मागणी इतकी वाढली की नॅश-केल्व्हिनेटर आणि फ्रिजिडेअर हे फ्रिजवालेही हॅमिल्टनचे प्रोपेलर बनवू लागले. थोडक्यात, पात्यावरच्या नावावरून विमान ठरवू नये.

लोहचुंबक लावून पाहणं ही चांगली सुरुवात. कर्टिस इलेक्ट्रिक या दुसऱ्या अमेरिकन बनावटीची अनेक पाती पोकळ पोलादाची असत, त्यांना तो चिकटतो. हंपवरच्या सी-४६ या मालवाहू विमानांवर हे चार पात्यांचे प्रोपेलर होते. चिकटला नाही तर हबवरचे आकडे वाचायचे. ‘२३ई५०’ असं असेल, तर ३ म्हणजे तीन पाती, ई म्हणजे पात्याच्या बुडख्याचं माप आणि ५० म्हणजे इंजिनाच्या दांड्याचं माप. हा हब डाकोटा या मालवाहू विमानावर होता, बी-२४ लिबरेटर या बॉम्बरवर होता आणि बी-१७ बॉम्बरवरही. पुढचा उलगडा पात्याच्या क्रमांकावरून होतो: डाकोटावर ‘६३५३ए-१८’ मिळतं, त्यातला १८ म्हणजे मूळ व्यासातून कमी केलेले इंच. हा क्रमांक बुडख्याशी ठोकलेला असतो, काही वेळा पात्यावर रंगवलेलाही. म्हणून कळकळीने सांगतो, घासूनपुसून चमकवू नका, सँडपेपर तर नकोच.

पात्याचा पीळही पाहावा. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन आणि नंतरचं ग्रिफन उलट दिशांना फिरतात, त्यामुळे त्यांच्या पात्यांचा पीळही उलटा असतो. वाकण्यावरूनही काही कळतं. इंजिन जोरात असताना पातं आदळलं तर टोक सहसा पुढे वळतं, शक्ती नसताना मागे.

इतकं करूनही बहुधा विमानाचा प्रकारच कळतो. प्रोपेलर कार्यशाळेत बदलले जात, एका विमानाचा दुसऱ्यावर चढे. नेमकं विमान शोधायला इंजिनाचा क्रमांक हवा. १९४३ पासून अमेरिकन हवाई दल बेपत्ता विमानांचे जे अहवाल तयार करत होतं, त्यांत इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही नोंदवत. नेदरलँड्समधल्या मार्करमेर सरोवरात सापडलेलं स्टर्लिंग हे ब्रिटिश बॉम्बर आधी बीके७१० या क्रमांकाचं समजलं गेलं. अवशेषांतल्या सिगारेटच्या डबीवर आद्याक्षरं होती. ती एका वैमानिकदलातल्या माणसाशी जुळली आणि विमान बीके७१६ ठरलं. २०२० मध्ये ते बाहेर काढलं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. ब्रिटिश हवाई दलाने कानपूरला टाकून दिलेली चाळीसेक लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, पुण्याहूनही. डाकोटा तर त्यानंतरही उडत होते. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या भंगारवाल्याकडे ‘२३ई५०’ दिसला, तर तो युद्धातल्या अपघाताचाच असेल असं गृहीत धरू नये. तो कुठून आला हे आधी विचारून लिहून ठेवावं.