मद्यपानाची वयोमर्यादा व युवा हक्क मोहीम (मुंबई)

मुंबईत मद्यपानासाठी किमान वय किती असावे, हा वाद राज्याच्या दारूबंदी कायद्यातून निर्माण झालेला आहे. हे वय कमी करावे या मागणीला शहरात संघटित चळवळीचे रूप फारसे आले नाही. ती न्यायालयीन याचिका, समाजमाध्यमांवरील आवाहने आणि प्रासंगिक निदर्शने यांतूनच व्यक्त होत राहिली. महाराष्ट्रात बिअर, वाईन यांसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे, तर व्हिस्की, रम यांसारख्या तीव्र मद्यासाठी २५ वर्षे अशी मर्यादा आहे. मादक पेये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मोडत असल्याने प्रत्येक राज्याचे वय वेगळे ठरते. शेजारच्या गोव्यात ते १८ आहे, तर गुजरातेत दारूबंदीच आहे. सुट्टीत गोव्याला जाणारा मुंबईकर महाविद्यालयीन तरुण त्यामुळे एका रात्रीच्या रेल्वेप्रवासात कायद्याच्या दृष्टीने सज्ञान होतो आणि परतताना पुन्हा अज्ञान.

या वादाचे मूळ वयात कमी आणि परवान्यात अधिक आहे. तत्कालीन मुंबई प्रांताचे प्रमुख बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अमलात आहे. त्याची रचना अशी की मद्य बाळगणे व पिणे मुळात निषिद्ध असून ज्याच्याकडे परवाना आहे, त्याला सूट मिळते. साठ व सत्तरच्या दशकांत बंदी शिथिल झाली, दुकाने आणि बार उघडले, परंतु कायद्याचा सांगाडा तसाच राहिला. त्यामुळेच महाराष्ट्रातील बारच्या पाट्यांवर आजही ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. वयाची अटही प्रत्यक्षात परवाना मिळण्याची अट आहे. म्हणून ‘अठराव्या वर्षी पिण्याचा हक्क’ ही मागणी येथे कायद्याच्या भाषेत मांडायची, तर ती अठराव्या वर्षी सूट मिळण्याची मागणी ठरते, आणि हक्काच्या भाषेतला सगळा जोर तिथेच ओसरतो.

या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. एफ. एन. बलसारा या पारशी नागरिकाने कायदा लागू होताच त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदीसारख्या काही तरतुदी रद्द केल्या, मात्र दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. मद्यपान हा मूलभूत हक्क आहे, असा युक्तिवाद त्यानंतर कोणत्याही याचिकाकर्त्याला सहज पुढे रेटता आलेला नाही.

युवा हक्कांची कल्पना आणि मद्यपानाचे वय यांची सांगड प्रथम ठळकपणे घातली गेली ती अमेरिकेत. तेथे १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले आणि अनेक राज्यांनी मद्यपानाचे वयही खाली आणले. पुढे रस्ते अपघातांविरुद्ध मातांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर १९८४ च्या संघीय कायद्याने, महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद करून, राज्यांना २१ हे वय स्वीकारायला लावले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल यूथ राइट्स असोसिएशन या संघटनेने मतदान, अल्पवयीनांवरील संचारबंदी आणि मद्यपान या तिन्ही प्रश्नांवर तरुणांच्या बाजूने प्रचार केला. २००८ मध्ये शंभराहून अधिक महाविद्यालय-प्रमुखांनी २१ च्या मर्यादेचा फेरविचार व्हावा असे जाहीर आवाहन केले. कायदा मात्र बदलला नाही.

भारतात मतदानाचे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून २१ वरून १८ झाले, आणि वयोमर्यादेविरुद्धचा येथील मुख्य युक्तिवाद याच दुरुस्तीवर उभा आहे. अठराव्या वर्षी करार करता येतो, मोटार चालवता येते, सरकार निवडता येते. एकविसाव्या वर्षी पुरुषाला लग्न करता येते आणि महापालिकेची निवडणूक लढवता येते. म्हणजे बावीस वर्षांचा नगरसेवक सभागृहात शहराच्या अंदाजपत्रकावर मत देऊ शकतो, परंतु व्हिस्कीचा परवाना मिळण्यास तो अपात्र असतो. विरोधकांचे उत्तर असे की प्रत्येक कृतीसाठी एकच वय असावे असे कायद्यात कोठेही गृहीत धरलेले नाही. विधानसभेची उमेदवारीही पंचविसाव्या वर्षीच मिळते. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, हा वैद्यकीय मुद्दा आणि मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे घटनेच्या अनुच्छेद ४७ मधील मार्गदर्शक तत्त्व यांचाही आधार ते घेतात.

मागणीला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती २०११ मध्ये. त्या वर्षी राज्य सरकारने व्यसनमुक्ती धोरण आखताना तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची मर्यादा जाहीर केली. अभिनेते इम्रान खान यांनी तिला उघड विरोध केला आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांवरून चर्चा झडली, पण मर्यादा कायम राहिली. पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने पब व पार्ट्यांवर छापे घालून परवान्यांची विचारणा सुरू केली, तेव्हा तरुणांचा रोष वयापेक्षा पोलिसांच्या नैतिक पहारेगिरीवर केंद्रित झाला. या दोन वर्षांत जे घडले त्याला तळागाळातील चळवळ म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तिचा आवाज प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्या, पश्चिम उपनगरांतल्या आणि दक्षिण मुंबईतल्या वर्गाचा होता. लालबाग, भांडुप किंवा मानखुर्दच्या तरुणांपर्यंत ती पोहोचल्याचे दिसत नाही. नव्वदच्या दशकात महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद पडल्याने विद्यार्थ्यांकडे असा प्रश्न पुढे नेणारे निवडून आलेले व्यासपीठही उरले नव्हते. शिवाय आई-वडिलांच्या घरात राहणाऱ्या मुलाने आपल्या नावानिशी दारूच्या हक्कासाठी फलक हाती धरणे, हे मराठी मध्यमवर्गीय घरात सोपे नाही.

तळागाळातील खरी संघटित ताकद या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला आहे. नशाबंदी मंडळासारख्या संस्था आणि वस्त्यांतील महिला मंडळे यांचा रेटा दुकाने बंद करण्याकडे असतो. राज्याच्या नियमांनुसार गावातील किंवा प्रभागातील महिलांनी मागणी केल्यास दुकानावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला टाळे लागते. अठरा वर्षांची मतदार मुलगी अशा रीतीने आपल्या वॉर्डातील देशी दारूचे दुकान बंद पाडू शकते, मात्र त्याच मुलीला बिअरच्या परवान्यासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागते. १८ हे वय कायद्याने दारूच्या संदर्भात मान्य केले आहे ते केवळ नकाराधिकारापुरते, आणि वय कमी करू पाहणाऱ्यांच्या युक्तिवादात ही विसंगती क्वचितच आलेली आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात परवाना ही बहुतांशी कागदोपत्री बाब आहे. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो. बारचालक अशा परवान्यांची पुस्तके घेऊन ठेवतात आणि पुष्कळदा ग्राहकाने तो कागद पाहिलेलाही नसतो. ३१ डिसेंबरच्या आधी असे परवाने लाखांच्या संख्येने वाटले जातात. वाईन शॉपच्या जाळीपुढे संध्याकाळी जी गर्दी होते, तीत ओळखपत्र मागितले जाण्याचा प्रसंग विरळाच. या शिथिलतेमुळेही चळवळ उभी राहिली नसावी, कारण जो नियम रोज न अडखळता मोडता येतो, तो बदलण्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

अपघात घडल्यावर मात्र नियम जागा होतो. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोघांचा मृत्यू झाला आणि जुलैमध्ये वरळीत मोटारीने स्कूटरवरील महिलेला फरफटत नेले. वरळी प्रकरणातील आरोपीचे वय २५ पेक्षा कमी असताना त्याला तीव्र मद्य दिल्याचा ठपका जुहूच्या एका बारवर ठेवून राज्य उत्पादन शुल्क विभागाने कारवाई केली. अल्पवयीन मुलांना मद्य देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १८ ते २५ या वयोगटासाठी तेवढी कडक तरतूद नाही. इतर राज्यांतील चित्र संमिश्र आहे. हरियाणाने २०२१ मध्ये वय २५ वरून २१ केले, केरळने २०१७ मध्ये ते २१ वरून २३ वर नेले, तर कर्नाटकाने २०२३ मध्ये १८ वर्षांचा मसुदा काढून आक्षेपांनंतर मागे घेतला. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकण्याच्या निर्णयावर जो गदारोळ झाला, तोही विक्रीच्या ठिकाणावरून होता. ग्राहकाच्या वयाचा प्रश्न त्यात दुय्यमच राहिला.