दाणे पचतात, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?

इंदूरच्या मराठी घरांत चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी होते आणि तिच्यात दाण्याचं कूट सढळ हाताने पडतं. लहानपणापासून ती खिचडी मजेत खाणारा मुलगा सतत शिंकतो म्हणून आईवडील त्याच्या रक्ताचं 'अ‍ॅलर्जी पॅनेल' करून घेतात. रिपोर्टवर शेंगदाण्यासमोर आकडा येतो १.२, क्लास २, म्हणजे पॉझिटिव्ह. त्या दिवसापासून घरात त्याचे दाणे बंद.

हा आकडा येतो कसा ते आधी पाहू. १९६०च्या दशकात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे आयजीई नावाची, अ‍ॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडं शोधली. आजच्या स्वयंचलित यंत्रांपैकी एका प्रकारात स्पंजासारख्या छोट्या तुकड्यावर शेंगदाण्याची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचा सीरम सोडला की दाण्याला ओळखणारं आयजीई तिथे धरून राहतं, बाकीचं धुऊन जातं. मग त्या आयजीईला चिकटणारं, विकर (एन्झाइम) जोडलेलं दुसरं प्रतिपिंड सोडतात. विकरामुळे चमक तयार होते. जितकी चमक जास्त, तितकं आयजीई जास्त. पूर्वी ०.३५ किलोयुनिट प्रति लिटरच्या वर पॉझिटिव्ह धरत. नवी यंत्रं ०.१पर्यंत मोजतात.

म्हणजे यंत्राने मोजलं ते रक्तातलं आयजीई. दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतील की नाही, हे त्या चमकेत लिहिलेलं नसतं. परागकणांमधल्या काही शर्करासाखळ्या इतर वनस्पतींच्या प्रथिनांवरही असतात. गवताच्या परागांनी शिंकणाऱ्या मुलाचं आयजीई त्या साखळ्यांमुळे दाण्यालाही चिकटू शकतं आणि त्याला दाण्याचा काहीच त्रास नसू शकतो.

म्हणून अशी चाचणी पारखताना तिचा निकाल डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून केलेल्या परीक्षेशी ताडून पाहतात. समजा, चाचणी खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. सरसकट १००० मुलं तपासली आणि त्यांत २० जणांना खरी अ‍ॅलर्जी असली, तर १८ सापडतील. पण ९८० निरोगी मुलांपैकी १९६ जणही पॉझिटिव्ह येतील. २१४ पॉझिटिव्ह, त्यांत खरे १८! आता दाणे खाऊन ओठ सुजले, उलट्या झाल्या अशीच १०० मुलं घ्या, त्यांत ६० खरे रुग्ण. पॉझिटिव्ह येतील ६२, खरे ५४. यंत्र तेच, रसायनं तीच. फरक पडला तो आधी नीट विचारलेल्या हकिगतीने. त्रासाची चौकशी न करता चाळीस-पन्नास पदार्थांचं पॅनेल लिहून देणं मला म्हणूनच घातक वाटतं. वाढत्या मुलाच्या ताटातून डाळ, दूध, अंडी विनाकारण जातात. आयजीजी हे दुसऱ्याच प्रकारचं प्रतिपिंड मोजून 'काय खाऊ नये' सांगणाऱ्या चाचण्यांना तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना मान्यताच देत नाहीत.

रक्तचाचणीचे फायदेही खरे आहेत. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी सर्दी-खाजेच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, इथे लागत नाहीत. पूर्वी जिवावर बेतलेल्या रुग्णाला इथे अ‍ॅलर्जनचा, म्हणजे अ‍ॅलर्जी करणाऱ्या पदार्थाचा, स्पर्शही होत नाही.

निगेटिव्ह रिपोर्टनेही अ‍ॅलर्जी नाहीच असं ठरत नाही. माळव्यात मोकळ्या प्लॉटवर माजणाऱ्या गाजर गवताने चेहऱ्याला, मानेला होणारा खाजरा इसब बहुतेकदा आयजीईमुळे होत नाही, रोगप्रतिकारक पेशींमुळे होतो. तो ओळखण्यासाठी पाठीवर चाचणीची पट्टी लावून सुमारे ४८ तासांनी ती काढतात, त्वचा पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.