तस्करीतलं पिल्लू मायदेशी कसं जातं?

विहिरीत पडलेला बिबट्या विदर्भाला नवा नाही. वनखात्याचं पथक येतं, पिंजरा सोडतं, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये किंवा गोरेवाड्यात उपचार होतात. जखम किरकोळ असली तर काही दिवसांत जनावर आपल्या जंगलात परत. बॅगेत कोंबलेलं ओरांगउटानचं पिल्लू उद्या नागपुरात सापडलं, तर मात्र हा हिशेब चालणार नाही. त्याचं जंगल समुद्रापार, आणि ते नेमकं कोणतं हेच आधी शोधावं लागेल.

ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला, बोनोबो आणि गिबन हे बिनशेपटीचे कपी. आपली काळतोंडी वानरं या कुळातली नव्हेत. भारताच्या रानात कपी म्हणजे फक्त ईशान्येतला हूलॉक गिबन. सगळे कपी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'सायटिस' कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये आहेत, म्हणजे रानातून पकडून देशोदेशी विकायला पूर्ण बंदी. पिल्लू आईला इतकं घट्ट बिलगलेलं असतं की बहुतेक वेळा आईला मारूनच ते हाती लागतं.

सुटका झाल्यावरचे पहिले काही तास जिवावरचे. पिल्लाच्या अंगातलं पाणी आटलेलं असतं, म्हणून आधी थोडं थोडं ओआरएस, मग लहान मुलांचं पावडरचं दूध. घाईत, पाठीवर निजवून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. बसतं करून, छातीशी धरूनच पाजायचं. सांभाळणारी माणसं एक-दोनच, मास्क लावलेली, क्षयाची तपासणी झालेली. आपल्या ओठावरचा साधा नागीणीचा फोडसुद्धा गिबनच्या जिवावर बेततो.

मग गावाचा शोध. मुळासकट उपटलेले काही केस कागदी पाकिटात ठेवतात. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि डीएनए खराब होतो. गळलेल्या केसात तर तो फारच कमी असतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, त्यांतला डीएनए फक्त आईकडून येतो. ओरांगउटानच्या माद्या जन्मल्या त्या परिसरातच राहतात, त्यामुळे हा डीएनए जंगलाचा पत्ता बऱ्यापैकी देतो. चिंपांझीच्या माद्या वयात आल्या की बहुधा दुसऱ्या टोळीत जातात, तिथे पेशीच्या केंद्रकातल्या, आईबाप दोघांकडून आलेल्या डीएनएचीही जोड लागते. ओरांगउटानच्या तीन जाती आहेत: बोर्निओची, सुमात्राची आणि 2017 मध्ये वेगळी ओळखली गेलेली तापानुली. चुकीच्या बेटावर सोडलेलं पिल्लू पुढे तिथल्या वंशात भेसळ करतं.

कागदावरचा देश आणि रक्तातला देश वेगळे निघू शकतात. डिसेंबर 2024 मध्ये इस्तंबूल विमानतळावर, नायजेरियाहून बँकॉकला निघालेल्या खोक्यात गोरिलाचं पिल्लू सापडलं. नायजेरियाला परत द्यायचं ठरत होतं, पण डीएनएने ते पश्चिमी सखल प्रदेशातल्या गोरिलाचं असल्याचं सांगितलं, आणि तो गोरिला नायजेरियात नसतोच. पिल्लू तुर्कस्तानातच ठेवलं गेलं.

दरम्यान विलगीकरण सुरू असतं. रानातून आलेल्या कपींसाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची मुदत किमान 12 आठवड्यांची, आणि त्यात क्षयाच्या किमान तीन चाचण्या, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. ट्युबरक्युलिन या क्षयचाचणीच्या द्रव्याचा 0.1 मिलिलिटर थेंब वरच्या पापणीच्या कातडीत टोचतात आणि 24, 48 आणि 72 तासांनी सूज बघतात. पापणीच का? जनावराला न धरता, जाळीबाहेरूनच ती दिसते म्हणून. ओरांगउटानमध्ये ही चाचणी आजार नसतानाही 'आहे' म्हणते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) केल्याशिवाय निकाल धरू नये. शिवाय हिपॅटायटिस बी आणि विष्ठेतले जंत. या तपासण्या टाळून पाठवणं म्हणजे माणसाचा क्षय तिथल्या रानात पोचवणं.

पण खरा वेळ खातो तो कायदा. पिल्लू खटल्यातला मुद्देमाल असतं. फोटो, मायक्रोचिप आणि डीएनएचा नमुना पुरावा म्हणून नोंदवून न्यायालयाची परवानगी लवकर मागितली नाही, तर खटला चालेल तितकं ते पिंजऱ्यातच वाढतं. कोलकात्यात 2019 मध्ये ईडीने तीन चिंपांझींवर मालमत्ता म्हणून जप्ती आणली होती. त्यातच सायटिसच्या कलम 8 नुसार परत नेण्याचा खर्च, जिथून जनावर बाहेर पाठवलं गेलं त्या निर्यातदार देशाने करायचा. गरीब देश इथे अडतो, आणि आम्हाला हे कलम अन्यायाचं वाटतं. नायजेरियातल्या इबादानहून मलेशियातल्या तैपिंग प्राणिसंग्रहालयात 2002 मध्ये पोचलेले चार गोरिला दक्षिण आफ्रिकेमार्गे कॅमेरूनच्या लिंबे केंद्रात आले ते 2007 च्या नोव्हेंबरात.

दोन्ही देशांचे सायटिस परवाने आणि आरोग्य दाखला हाती आला की पेटीची सवय लावायची. रोजचं खाणं पेटीतच द्यायचं. जनावर आपणहून आत जाऊन बसेपर्यंत दार लावायचं नाही. विमानात गुंगीचं औषध देऊ नये, रक्तदाब पडतो आणि शरीराचं तापमान सावरत नाही. नागपुरातून निघालेल्या पेटीचं विमान मुंबई किंवा दिल्लीला बदलावं लागेल, आणि मे महिन्यात 45 अंशांत ती धावपट्टीवर अर्धा तास जरी राहिली तरी घात होईल. तेव्हा उड्डाण रात्रीचंच घ्यावं.

उतरल्यावर जंगल लगेच मिळत नाही. ओरांगउटानचं पिल्लू आईजवळ सहा-आठ वर्षं शिकतं. ते सगळं केंद्रातल्या 'जंगलशाळे'त शिकवावं लागतं: कोणतं फळ कधी पिकतं, साल कशी सोलायची, साप दिसला की वर कसं चढायचं. रोज संध्याकाळी नोंदवहीत लिहितात, फांद्या वाकवून घरटं कोणी बांधलं. जे अजून जमिनीवर झोपतं, त्याचं नाव सोडायच्या यादीत येत नाही.